पाचट आणि पायाचं माप

चंदना मॅडमचा तास म्हटलं की पोरं जागची हलायची नाहीत. सांगलीच्या विद्यापीठ केंद्रात त्या पर्यावरण धोरण शिकवायच्या, अन् दाखला द्यायच्या थेट बापाच्या रानाचा. ऊस पेटवून तोडला की धूर होतो, मातीची राख होते. ते थांबवायचं तर सरकारच्या हातात तीन हत्यारं. दंड करा, अनुदान द्या, नाहीतर समजूत घाला. आमच्या अण्णांना तिन्ही लागू पडली, चार वर्षं रानाला काडी लागली नाही, असं ठणकावून मॅडम सगळा वर्गच रानात घेऊन गेल्या.

बघतात तर अर्धा ऊस काळाठिक्कर! अन् मॅडमचे वडील अण्णा, भूपाल चौगुले, काडेपेटी घेऊन उरलेल्या उसाकडं निघालेले. मॅडमची वर्गासमोर पार शोभा झाली.

अण्णाही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, "दंड मला, अनुदान मला, शानपन बी मलाच. ऊस तोडतंय कोन? टोळी म्हनती, पेटवा, न्हाईतर आमी चाललो."

झालं, मॅडम बांधावर थांबलेल्या तोडणीच्या टोळीवरच घसरल्या. तेवढ्यात माण तालुक्यातली साक्षी पुढं आली, वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली.

"मॅडम, माझी आई तोडीला जाते. उसाच्या वाळक्या पाल्यात, पाचटात साप दिसत न्हाई, पेटवलं की पळतो. आईला चावला, तवापासनं ती न पेटवलेल्या उसात पाय घालत न्हाई."

मॅडमना लाज वाटली, खोटं कशाला सांगा. दहा वर्षं शिकवलं, पण कोयता धरणाऱ्याचा विचार एकदाही मनात आला नव्हता. पण रडत बसणारी बाई नव्हे ती. टोळीच्या मनुबाईला त्यांनी सरळ विचारलं, गुडघ्याएवढे बूट अन् हातमोजे दिले तर न पेटवता तोडाल का? मनुबाई म्हणाली, तोडू की, वर जनावरांना उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं मिळंल. अण्णांनी काडेपेटी खिशात टाकली, गाडीला किक मारली अन् बुटांचे नंबर विचारले.

नंबर कुणालाच ठाऊक नव्हता. जन्मात कुणी बूट घातलेच नव्हते.

मॅडम बांधावर फतकल मारून बसल्या. वहीचं पान फाडून मातीवर ठेवलं, मनुबाईचा भेगाळलेला पाय त्यावर घेतला अन् कडेनं पेनची रेघ ओढायला लागल्या. मनुबाईनं पाय मागं ओढला.

"आवं, शिकल्याल्या मानसानं आमच्या पायाला हात लावायचा व्हय?"

"इथनंच सुरुवात करायला पाहिजे होती, मावशी. पाय नीट टेका."

मागं पोरांनीही वह्या काढल्या अन् टोळीतल्या एकेकीपुढं खाली बसली.