आत्याबाईंचा हात

कागदोपत्री त्या प्रथिनाचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे होते. प्रयोगशाळेत त्यावर संशोधन करणारी चिमणी मात्र त्याला आत्याबाई म्हणायची. पेशीतला डीएनएचा लांबलचक धागा रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि घट्ट गुंडाळलेला मजकूर पेशीला वाचता येत नाही. मग आत्याबाई येतात, धागा ओढतात, रीळ बाजूला सारतात. पाहुणी म्हणून यायचं आणि घरातलं सामान हलवून ठेवायचं, ही चिमणीच्या सख्ख्या आत्याचीच खोड.

आत्याबाई हे करतात कसं, ते कळायला त्यांचा आकार हवा होता. सूक्ष्मदर्शकातल्या धूसर चित्रांवरून आत्याबाई, रीळ आणि धागा असा सगळ्यांचा नकाशा तयार झाला होता आणि चिमणी त्यात एकेक अवयव बसवत होती. कंबर कशीबशी बसली, धागा ओढणारा जबडाही बसला, पण रीळ धरणारा हात बसेना. जागा एकीकडे, कोपर वळणार दुसरीकडे. तिच्या नाकी नऊ आले. आज दुपारच्या बैठकीपर्यंत हात बसला नाही तर काम बंद, असं प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी सांगून टाकलं होतं.

बैठकीआधी ती तोंड धुवायला गेली. नकाशावरून बनवलेलं प्लास्टिकचं मॉडेल बेसिनवर ठेवलं, रडून घ्यावं म्हणून आरशात बघितलं आणि रडायचंच विसरली. आरशातल्या रिळावर धागा डावा पीळ घेऊन वळत होता. डीएनए रिळावर तसाच वळतो, हे नवखा विद्यार्थीही सांगेल. मग बेसिनवरचा उजवा कसा?

अख्खा नकाशाच आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा होता. इतक्या धूसर चित्रांत डावं-उजवं कळत नाही, म्हणून सुरुवातीला कुणीतरी एक बाजू धरली होती. पुढे सगळे हाताकडेच डोळे फाडून बघत बसले. धाग्याकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही.

चिमणीने ओल्या तोंडानेच धूम ठोकली आणि संगणकावर नकाशाचं डावं-उजवं उलटवलं. आत्याबाईंनी मुकाट्याने हात रिळावर ठेवला. चिमणीने आनंदाने खुर्चीसकट गिरकी घेतली ती थेट मागे येऊन उभ्या राहिलेल्या सरांवर आदळली.

सरांनी पडद्यावर बोट ठेवून धाग्याचा पीळ तपासला.

“ती बाजू मीच धरली होती,” ते म्हणाले.

“माहीत आहे, सर.”

“मग बैठकीत तूच बोल. मला आज डावं-उजवं कळत नाहीये.”

एवढं बोलून ते रुबाबात निघाले आणि ढकलायचं दार ओढत बसले. चिमणीची हसून मुरकुंडी वळली, मग सरांचीही. काम बंद करायचा विषय बैठकीत निघालाच नाही.