घेतलं म्हणेपर्यंत

इस्पितळात पाळी बदलते तेव्हा जाणारी सिस्टर येणारीला घेऊन खाटेखाटेपाशी उभी राहते आणि पेशंटची हकीकत सांगते. कोण आहे, काय झालंय, काय केलं, काय करायचं राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. याला ओव्हर देणं म्हणतात. येणारी सगळं ऐकते आणि शेवटी म्हणते, "घेतलं." हा शब्द कानावर पडेपर्यंत पेशंट जाणारीचा. पडला की येणारीचा, आणि मग जाणारीनं तिथं घुटमळायचं नाही. घुटमळणं म्हणजे येणारीवर भरवसा नसणं, असं चोखताईचं मत होतं, आणि आजवर कितीतरी घुटमळणाऱ्यांना तिनं स्वतः लिफ्टपर्यंत पोचवलं होतं.

चोखताई हे नाव वॉर्डबॉयांनी ठेवलेलं. ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिनं कानाडोळा केला होता. याहून वाईट नावं सुचावीत अशा बऱ्याच गोष्टी आपल्यात आहेत, याची तिला कल्पना होती.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये भिंगं बसवायचा. तो दुकानातून यायचा तेव्हा ती रात्रपाळीला निघत असायची. ती सकाळी यायची तेव्हा तो निघत असायचा. असा संसार गप्पागोष्टींवर चालणं शक्य नव्हतं, म्हणून तो ओव्हरवर चालला. सकाळी एका पायात बूट घालून तो दाराशी उभा राहायचा आणि सांगायचा: दूध तापवलं, आईची गोळी झाली, मुलीला थोडा खोकला होता पण झोपली आहे, भाजी चिरायची राहिली, गॅस संपत आलाय त्याच्यावर लक्ष ठेव. ती म्हणायची, "घेतलं." मग तो दुसरा बूट घालून निघायचा. समोरच्या शेजारणीला पुष्कळ वर्षं वाटत होतं की या दोघांत काहीतरी बिनसलंय. खरं तर भांडायला लागतो तेवढाही वेळ त्यांना दाराशी मिळत नव्हता.

तो गेला की ती मुलीच्या खोलीत जायची. मुलगी गाढ झोपलेली असायची. चोखताई पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, नाडी मोजायची आणि मग स्वयंपाकघरात जायची. याला काही कारण नव्हतं. रात्रभर ज्यांची मोजली त्यांच्यात एक आणखी, इतकंच.

आता बढतीचं. या पेशाची गंमत अशी की वर चढलं की पेशंट दिसेनासा होतो आणि कपाटांच्या किल्ल्या दिसायला लागतात. स्टाफ नर्सची वॉर्डाची इन्चार्ज होते, इन्चार्ज दिवसपाळीच करते, आणि रात्रपाळी गेली की रात्रीचा भत्ताही जातो. नवऱ्याला हे दोनदा समजावून सांगावं लागलं.

"म्हणजे पद वाढणार आणि पैसे कमी होणार?" त्यानं विचारलं.

"पगार वाढणार," ती म्हणाली. "हातात कमी येणार."

त्यानं जरा विचार केला आणि सांगितलं की त्यांच्या दुकानातही भिंग जितकं महाग तितकं पातळ असतं. मग त्याची हरकत राहिली नाही.

ही जागा तिच्या हातून दोनदा निसटली होती. पहिल्या वेळी तिच्याकडे पदवी नव्हती, नुसता डिप्लोमा होता. म्हणून नोकरी सांभाळून तिनं पदवी घेतली. त्या वर्गात पोरी तिला मावशी म्हणायच्या आणि तिच्या डब्यातलं खायच्या. दुसऱ्या वेळी पदवी होती, पण मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं की तुम्ही तर वॉर्डाचा कणा आहात, तुम्हाला हलवलं तर वॉर्ड उभा कसा राहील. तिच्या तोंडाला अशी गोड पानं पुसून ती जागा तिनंच हाताला धरून शिकवलेल्या एका मुलीला दिली. त्या मुलीला मनापासून वाईट वाटलं. ती येऊन तसं म्हणालीही, आणि दुसऱ्या दिवसापासून चोखताईच्या रजेच्या अर्जावर सही करू लागली. आता तिची दुसरीकडे बदली झाली होती आणि जागा पुन्हा रिकामी होती.

या खेपेला मात्र चोखताईला ती जागा जिवापाड हवी होती, आणि कारण पदाचं नव्हतं. मुलगी बारावीला होती. वर्षभरात ती शिकायला बाहेर पडणार आणि मग सुट्टीपुरती पाहुणी होणार. एकदा वॉर्डात कुणाला तरी जेवण भरवताना चोखताईच्या मनात आलं की आपली मुलगी झोपलेली कशी दिसते हे आपल्याला सगळ्या बाजूंनी पाठ आहे. रात्रीच्या जेवणाला बसलेली कशी दिसते, ते आठवावं लागतंय. तिनं आठवून पाहिलं. जे आठवलं त्यात मुलगी आठ वर्षांची होती. तिला वर्षभराच्या संध्याकाळी हव्या होत्या, आणि त्या फक्त इन्चार्जच्या खुर्चीबरोबर मिळत होत्या.

मुलाखत रात्रपाळी संपल्यावर लगेच ठेवली होती. बाकी दोघी उमेदवार घरून आल्या होत्या, परीटघडीच्या. चोखताई तीस पेशंटांचा ओव्हर देऊन, तोंडावर पाणी मारून आली. टेबलापलीकडे तिघं होती: निवृत्तीला आलेल्या मेट्रनबाई, मनुष्यबळ विभागाचे साहेब, आणि बाहेरून बोलावलेला एक सल्लागार, ज्याच्यासमोर लॅपटॉप होता. बसा म्हणाले, पण ती उभीच राहिली, कारण बसली असती तर झोपली असती.

सल्लागारानं हसून सुरुवात केली. "सिस्टर, सांगा बरं थोडं."

तो 'स्वतःबद्दल' असंही म्हणाला, पण तोवर उशीर झाला होता. पाळी संपल्यावर कुणी सांगा म्हटलं की काय सांगायचं हे तोंडाला ठाऊक होतं, आणि तोंड सुरू झालं.

"स्त्री, वय सेहेचाळीस," चोखताई म्हणाली. "बावीस वर्षांपासून इथंच आहे. आली तेव्हा तब्येत उत्तम. सध्या स्थिर. जेवण उभ्यानं. झोप तुकड्यातुकड्यानं. डावा गुडघा दुखतो, तक्रार करत नाही. वर हलवायचं दोनदा ठरलं होतं. एकदा कागद अपुरे पडले, एकदा इथं गरज होती. नातेवाईक तीन. भेटायला येत नाहीत, पेशंटच घरी फारशी नसते."

सल्लागाराची बोटं थांबली. साहेबांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं. आपण काय बोलतोय हे इथं चोखताईच्याही ध्यानात आलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ओव्हर अर्ध्यात सोडता येत नाही. अर्ध्या ओव्हरपायी पेशंट दगावलेले तिनं पाहिले होते.

"राहिलेलं काम एकच," ती म्हणाली. "मुलगी वर्षभरात शिकायला जाईल. त्याआधी पेशंटला संध्याकाळी जेवायला घरी सोडायचं राहिलंय. लक्ष ठेवायची गोष्ट: या वेळीही नाही म्हटलंत तरी ती काम चोखच करील. त्यामुळे कुणाच्या लक्षात येणार नाही."

मग ती थांबली. साहेब म्हणाले, ठीक आहे, धन्यवाद, या आता. ती हलली नाही. सल्लागारानं विचारलं की आणखी काही सांगायचंय का, तर ती नाही म्हणाली, आणि तरी हलली नाही. तिनं हट्ट धरला होता असं नव्हे. तो शब्द आला नव्हता आणि पाय निघत नव्हते. साहेब घड्याळाकडे आणि मग दाराकडे बघू लागले.

मेट्रनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी शेवटचा ओव्हर घेतला त्याला जमाना झाला होता.

"घेतलं," त्या म्हणाल्या.

चोखताई त्याच पावली बाहेर पडली.

बसस्टॉपवर बसून तिनं स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. घरी दाराशी तिच्यासाठी थांबलेल्या नवऱ्याला एवढंच सांगितलं की मुलाखत झाली, वाट लावून आले. तो म्हणाला, घेतलं, आणि दुकानात गेला. पुढचे दोन आठवडे तिनं त्या विषयावर ताकास तूर लागू दिली नाही. मग ऑर्डर आली. जागा तिला मिळाली होती. साहेबांनी तिच्या नावापुढे 'संवादकौशल्य उत्तम' असा शेरा मारला होता, हे मेट्रनबाईंनी तिला तोंडावरची रेषही न हलवता सांगितलं.

इन्चार्ज म्हणून पहिल्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली. नवरा तिच्या जरा आधी पोचला होता. सवयीनं त्यानं दाराशीच सांगायला घेतलं: आईची गोळी झाली, कणीक मळून झाली, पाणी भरायचं राहिलं. ती म्हणाली, "घेतलं." मग दोघं एकमेकांकडे बघत राहिली, कारण कुणालाच कुठं जायचं नव्हतं. शेवटी तो चपला घालून जिना उतरला आणि खालून परत आला.

चौघांची ताटं वाढली. चोखताईनं आपलं ताट उचललं आणि ओट्याशी उभी राहून जेवायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "बस की आता. खुर्चीला भाडं पडत नाही." ती बसते म्हणाली आणि उभीच राहिली. तिथून मुलगी समोरून दिसत होती. तिचा घास लहान होता आणि ती आधी भाजी संपवून मग पोळीकडे वळत होती. हे चोखताईला नवीन होतं. तिला इतकं बरं वाटलं की तिनं स्वतःचं जेवण थांबवलं.

मुलगी पाणी प्यायली, तिनं खुर्ची मागे सारली आणि ती उठून टेबलाच्या कडेला सरळ उभी राहिली.

"मुलगी, वय सतरा," ती म्हणाली. "तब्येत उत्तम. बारावीचा अभ्यास ठीक चाललाय. पुढे नर्सिंगला जायचं ठरवलंय. बाबांना सांगून झालं. आजीला सांगून झालं. आईला सांगायचं राहिलं होतं. लक्ष ठेवायची गोष्ट: आई नाही म्हणेल."

चोखताईनं मुलीला काहीही हो पण नर्स होऊ नकोस हे इतक्यांदा बजावलं होतं की ते घराच्या भिंतींनाही पाठ होतं. ती नवऱ्याकडे वळली.

"हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत."

नवऱ्यानं घास गिळला. "दाराशी मी काय झालं आणि काय राहिलं ते सांगतो," तो म्हणाला. "हे धड झालंही नव्हतं आणि राहिलंही नव्हतं."

मग चोखताईनं मुलीला सगळं ऐकवलं. नव्या मुलींना आधी कंत्राटावर घेतात आणि कायम करायला वर्षानुवर्षं लावतात. खाजगीत पगार किती आणि सही कितीवर करून घेतात. बाहेरदेशी जायचं तर परीक्षा कोणत्या, आणि गेलेल्या मुली फोनवर काय सांगतात. पदवी नसली की काय होतं, असली की काय होतं. वर चढलं तर किल्ल्या, नाही चढलं तर गुडघा. वॉर्डात कधी चढत नसे असा तिचा आवाज चढला होता. मुलगी मध्ये एकदाही बोलली नाही.

"मला माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "रोज दाराशी तू बाबांना सांगायचीस, ते ऐकलंय सगळं."

"मग कशाला मरायला जातेस तिकडं?"

"सकाळी येऊन तू माझी नाडी बघायचीस," मुलगी म्हणाली. "रोज. मी जागी असायचे."

सासूबाईंनी पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. मुलगी उभीच होती आणि शब्दाची वाट बघत होती. तो म्हणायची चोखताईची तयारी नव्हती, आणि ती रागामुळे नव्हे. घेतलं म्हटलं की पेशंट आपला होतो, आणि ही तर चालली होती. ओव्हर उलटा चालला होता. द्यायचा तिनं होता.

तिनं ताट ओट्यावर ठेवलं, हात पुसले आणि ती मुलीसमोर येऊन सरळ उभी राहिली.

"मुलगी, वय सतरा," ती म्हणाली. "जन्मापासून माझ्याकडे, रात्रीची बाबांकडे. तब्येत उत्तम. खोटं झोपता येतं. जमेल तेवढं केलं. बरंच राहिलं." इथं तिला थांबावं लागलं. मग ती पुढे म्हणाली, "लक्ष ठेवायचं. जेवण बसून करायचं. गुडघा दुखला तर तक्रार करायची. पदवी आधी घ्यायची, नोकरी मग. आणि वॉर्डाचा कणा असं कुणी म्हणालं, तर त्याच दिवशी बदलीचा अर्ज द्यायचा."

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली नाही, मध्ये हसली नाही, अगदी शिकवल्यासारखी उभी राहिली, आणि हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"घेतलं," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे आता चोखताईनं निघायला हवं होतं. सासूबाईंनी तर दाराकडे पाहिलंही. चोखताईनं ओट्यावरून आपलं ताट आणलं, मुलीच्या समोरची खुर्ची ओढली आणि ती बसून जेवायला लागली.