उखाण्यावर काढलेलं कर्ज

बँकेच्या मॅनेजर सौदामिनी मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "पुनमताई, घाण्याचं कर्ज मंजूर होणार नाही. तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, पार घसरलाय. मोबाइलवरून घेतलेली दोन कर्जं थकलीत."

मला आधी हसूच आलं. मी मोबाइलवरून कधी साडी मागवत नाही, रंग हमखास भलताच निघतो म्हणून. कर्ज कुठलं मागवू? पण पडद्यावर माझं नाव होतं, माझा आधार नंबर होता, आणि पुढे 'थकीत' असं लिहिलेलं होतं. हसू तिथल्या तिथे विरलं.

रेणापुरात स्वतःचा लाकडी घाणा टाकायचा, हे माझं लग्नाच्याही आधीचं वेड. करडईचं घाण्याचं तेल मिळेल का, म्हणून लातूरच्या बायका आजही मला फोन करतात. घरापुढची शेड बांधून झाली होती. उदगीरच्या बसलिंगप्पांनी घाणा घडवत आणला होता आणि बजावून ठेवलं होतं, "दसऱ्याला पैसे न्हाई आले तर देगलूरचं गिऱ्हाईक तयार हाय बगा." म्हणजे कर्ज अडलं की घाणा गेला.

मॅडमनी तोंड पाडून बसू दिलं नाही. सायबर पोलिसांच्या १९३० नंबरवर फोन लावून दिला, सिबिलकडे हरकत कशी नोंदवायची ते दाखवलं आणि कर्ज देणाऱ्या कंपनीलाही तक्रार पाठवायला लावली. मी घरी आले ती थोडा धीर घेऊनच.

तो धीर आमच्या ह्यांनी घालवला. सगळं ऐकून दयानंदराव चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कर्ज काढून मुदखेडला भावाला तर दिलं न्हाईस ना?"

माझ्या माहेरावर गेले! एवढी वर्षं संसार करून हा माणूस मला हे विचारतो, याचं मला इतकं वाईट वाटलं की भांडायलाही सुचेना. त्या दिवसापासून त्यांचा चहा वेळेवर आणि बोलणं बंद.

कंपनीचं उत्तर आलं ते आणखी संतापजनक. म्हणे, 'कर्ज आपणच घेतले आहे. आपल्या संमतीचा व्हिडिओ आमच्याकडे आहे. हरकत फेटाळण्यात येत आहे.' कंपनीचं ऑफिस नांदेडला. मी सकाळच्या एसटीला निघाले, तर सासूबाई पिशवी घेऊन आधीच फाटकात उभ्या. गुणाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्या म्हणते.

"तुमी कुठं, आत्या?"

"मी येते की. तू काढलं असशील तर तिथंच तुझ्या झिंज्या धरीन. न्हाई काढलं तर त्यांच्या."

अहमदपूर, लोहा करत आम्ही नांदेडला पोचलो. ऑफिसात राघवेंद्र नावाचे इस्त्रीच्या शर्टातले अधिकारी होते. वयानं लहान, बोलायला गोड.

"मॅडम, व्हिडिओत तुम्ही स्वतः बोलताय. आता आम्ही काय करणार?"

"दाखवा तो व्हिडिओ."

"तसा नियम नाही..."

"तिचंच तोंड तिला दाखवायला लाजताव कामून?" आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आमच्या गावात वेशीपर्यंत जातो. ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या आमच्याकडे वळल्या. राघवेंद्रांनी निमूट व्हिडिओ लावला.

मीच होते. हिरवं काठापदराचं लुगडं, कपाळभर कुंकू, नाकात आत्यांची नथ. मी कॅमेऱ्यात बघतेय, डोळे मिटतेय, मान उजवीकडे नेतेय, डावीकडे नेतेय आणि लाजत लाजत काहीतरी बोलतेय.

"आवाज कामून बंद हाय?" आत्यांनी विचारलं.

"आवाज कुणी ऐकत नाही हो. चेहरा जुळला, डोळे मिटले, ओठ हलले की मशीन पास करतं."

"मग आज ऐका."

राघवेंद्रांनी आवाज वाढवला. आणि त्या थंडगार, काचेच्या ऑफिसात माझा उखाणा घुमला:

"करडईच्या झाडाला काटे हजार,
दयानंदरावांचं नाव घेते, कुणाचं न्हाई उधार!"

त्यामागून आणखी एक आवाज आला, "जोरात घे गं! वेशीपर्यंत जाऊ दे!"

राघवेंद्रांनी पडद्याकडे बघितलं, मग आत्यांकडे बघितलं.

"हाव, मीच ती," आत्या म्हणाल्या. "आता सांगा, कुणाचं न्हाई उधार म्हणणाऱ्या बाईला तुमी कर्ज दिलाव?"

आधी कोपऱ्यातली टायपिंग करणारी मुलगी हसली, मग शिपाई, मग राघवेंद्र स्वतः. दुसऱ्या कर्जाचा व्हिडिओ उघडला तर तोही हाच निघाला. एका उखाण्यावर दोन कर्जं! मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसता मला संक्रांतीला घरी आलेली ती मुलगी आठवली.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याच घरी होतं. यंदा वाण काय लुटावं या विचारात मी असतानाच ती आली. गोड बोलणारी, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं कार्ड. "ताई, कंपनीकडून सगळ्यांना स्टीलचे डबे वाण म्हणून. वर उखाण्यांची स्पर्धा, पहिल्या नंबरला मिक्सर!" सवाष्णीनं वाण नाकारायचं नसतं, त्यात ते फुकटचं. बायका रांगेनं उभ्या राहिल्या. बक्षिसासाठी म्हणून तिनं आधार कार्डांचे फोटो घेतले, मोबाइलवर आलेले ओटीपीचे नंबर विचारून घेतले. "डोळे मिटा, मान दोन्हीकडे वळवा ताई, नथ छान दिसते," उखाण्याचा व्हिडिओ काढताना ती म्हणाली. नथीचं कौतुक केलं की आमची बाई मान किती वळवील, याला काही सुमार नाही. मिक्सर कुणालाच आला नाही आणि डब्यांची झाकणं पहिल्याच आठवड्यात सैल झाली, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

राघवेंद्रांनी तिथेच बसून वरच्या ऑफिसला कळवलं आणि कर्ज फसवणुकीचं असल्याचं पत्र द्यायचं कबूल केलं. निघताना आत्यांनी त्यांना पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि म्हणाल्या, "आवाज ऐकत जा, लेकरा."

गावात आल्यावर मी डबा मिळालेल्या सगळ्या बायकांना ओसरीवर बोलावलं आणि एकेकीचा सिबिल तपासला. शेजारच्या पारूबाईंच्या नावावरही एक कर्ज निघालं. मग आम्ही सगळ्या डबे घेऊनच लातूरला सायबर पोलिसांकडे गेलो. हवालदार म्हणाले, एवढा मुद्देमाल ठेवायला आमच्याकडे जागा न्हाई. येताना सगळ्यांनी आधार लॉक केलं. कर्जाचे पैसे घेऊन पसार झालेली ती मुलगी अजून सापडलेली नाही. सापडली तर आत्या तिला एक उखाणा ऐकवणार आहेत, तो मात्र इथे लिहिण्यासारखा नाही.

कंपनीचं पत्र आलं, सिबिलवरचा डाग पुसला गेला आणि सौदामिनी मॅडमनी कर्ज मंजूर केलं. दसऱ्याला बसलिंगप्पांचा घाणा आमच्या शेडमध्ये फिरला. मॅडम मुद्दाम आल्या होत्या. तेलाची पहिली धार पडली तेव्हा मी बोट लावून चाखून बघितली.

"उखाणा! उखाणा!" बायका ओरडल्या. कुणीतरी मोबाइल काढला, तशी पारूबाई त्यावर धावून गेल्या, "ठेव तो खिशात! व्हिडिओ न्हाई!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दयानंदराव पुढे आले. चारचौघांत हा माणूस शिंकायलाही लाजतो. चपलेच्या अंगठ्याकडे बघतच त्यांनी सुरुवात केली, पण शेवटाला मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं:

"घाण्यातून निघाली तेलाची धार,
पुनमचं नाव घेतो, माफी अजून उधार."

बायकांनी तोंडाला पदर लावले. आत्यांनीही. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि त्या क्षणी हा माणूस मला फार फार आवडला. पण लगेच सोडून कसं द्यायचं?

"हप्त्यानं फेडा," मी म्हणाले. "आणि एकही चुकवू नका. नोंद राहते."