कीबोर्ड खराब नव्हता

मी गंधालीचा कीबोर्ड बोलतोय. दहिसरच्या एका बिल्डिंगमध्ये कपाटावर पालथा पडलोय. डोकं फिरलंय माझं, म्हणून आधीच सांगतो, गोड बोलायला जमणार नाही.

गंधालीच्या मामाच्या अंधेरीच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा त्याने जुना संच भाचीसाठी आणला. त्यात मी. गंधाली नुकती बारावी झाली होती. वडील सिक्युरिटीत रात्रपाळी करणारे, पाय सुजलेले. ती म्हणाली, "मामा, प्रोग्रॅमिंग शिकते. नोकरी लागली की बाबांची नाइट बंद. कुठली लँग्वेज घेऊ?"

झालं! मामा म्हणाला, "सी घे. पाया पक्का होतो." कॉलेजातली प्रियंका म्हणाली, "छे गं, जावा. नोकऱ्या त्यातच आहेत." आणि वरच्या मजल्यावरचा सर्वेश, जो वांद्र्याला कॉम्प्युटर कंपनीत जातो आणि त्यामुळे बिल्डिंगभर सल्ले वाटत फिरतो, तो म्हणाला, "पायथन घे, झकास आहे!"

बिचारीने तिन्ही घेतल्या. मामाला वाईट वाटायला नको, प्रियंकाला नको, सर्वेशला तर नकोच. दर थोड्या दिवसांनी नवी भाषा, नवं सॉफ्टवेअर, आणि प्रत्येकीत मजल एवढीच की स्क्रीनवर स्वतःचं नाव उमटवायचं. काही अडलं की चिडून माझीच बटणं बडवायची. मी ऐकून घेतलं. शिकताना माणूस चिडतंच.

गणपतीच्या आधी मात्र ती पायथनवर टिकली. आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत आरतीच्या मानावरून दरवर्षी भांडणं. गंधाली म्हणाली, कॉम्प्युटरवर पाळ्या लावून देते. दोन बोटांनी टाइप करत बसली. पहिल्यांदा एकाच घराला लागोपाठ मान गेला. "वाट लागली!" म्हणत हसली आणि परत बसली. शेवटी पाळ्या नीट लागल्या, कोणी भांडलं नाही. तिची आई, शीतलताई, मंडपात सांगत सुटली, "माझ्या पोरीने केलंय हे!" खरं सांगू? मला वाटलं, मीपण केलंय.

मग सर्वेशने तिला एआय दाखवलं. "हाताने कोण लिहितं आता, यार? तू फक्त बोल, ते लिहून देतं. उचलायचं आणि चिकटवायचं."

तेव्हापासून माझी तीनच बटणं चालली. कंट्रोल, सी आणि व्ही. मागणंसुद्धा ती माइकवर बोलून सांगायची. बाकीच्या बटणांवर धूळ. पाहुणे आले की मोठमोठी ॲप्स उघडून दाखवायची आणि म्हणायची, "मीच केलंय." तिने किती टाइप केलंय, मला माहीत नव्हतं का? आईबापाला फसवत होती, आणि मला समोर साक्षीला बसवून!

मागच्या महिन्यात विलेपार्ल्याच्या एका कंपनीची परीक्षा आली. घरी बसूनच द्यायची, पण एआय वापरायला आणि बाहेरून काहीही चिकटवायला बंदी. प्रश्न अगदी सोपा होता. तिची बोटं माझ्यावर आली. एक ओळ लिहिली, पुसली. परत लिहिली, परत पुसली. थोडं सीमधलं, थोडं जावामधलं, नुसती खिचडी. मी एकेक अक्षर इमानाने स्क्रीनवर पोचवत होतो. वेळ संपली.

आई दारात आली. "काय झालं गं?"

गंधालीने माझी वायर उपटली. "हा कीबोर्डच खराब आहे, आई. ऐन वेळी बटणंच चालेनात. दगा दिला मेल्याने."

मी? मी दगा दिला? इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण आईने लगेच विश्वास ठेवला. ड्युटीवरच्या बाबांना फोन लावून तेच सांगितलं. फोन स्पीकरवर होता. बाबा म्हणाले, "जाऊ दे, तिला रडू देऊ नकोस. नवीन घेऊ. मी करतो अजून थोडे दिवस नाइट."

गंधालीने ते ऐकलं, माझी वायर गुंडाळली आणि मला कपाटावर पालथं टाकलं. तेव्हासुद्धा खरं सांगितलं नाही.

आता टेबलावर नवा कीबोर्ड आहे. रंगीत दिवे लागतात त्याला. लागू देत. गंधाली, मला खाली काढू नकोस, मी राहतो इथेच. पण उद्या सकाळी बाबा पाय ओढत घरी येतील ना, तेव्हा त्यांना चहा दे आणि एवढंच सांग, की तो जुना कीबोर्ड चांगला होता.