स्टोइल्काचा खालचा सूर

वेलिकाला जाऊन चाळिसावा दिवस होता. रीतीप्रमाणे थडग्यावर उकडलेले गहू ठेवून, वाईन शिंपडून तिची मुलगी रादोस्त सरळ आईच्या मैत्रिणीच्या, स्टोइल्काच्या अंगणात आली. गावात जायला दुसरं घरच उरलं नव्हतं. बाकी सगळ्यांना कुलपं होती.

"मावशी, हे ऐक." तिनं फोन पुढे केला. "आई गेल्या हिवाळ्यात सोफिया शहरात माझ्या स्वयंपाकघरात गायली होती. एकटीच. खाली तुझा सूर नाही, तर कसं उघडंबोडकं वाटतं. तू धरतेस?"

स्टोइल्कानं जन्मभर तेच केलं होतं. कापणीला वेलिका वर गाणं म्हणायची आणि ही खाली एकच सूर धरून घुमत राहायची, इतकी लगटून की दोन्ही सूर एकमेकांना घासायचे.

फोनमधून वेलिका गाऊ लागली. स्टोइल्कानं छाती भरून सूर लावला. पहिली ओळ जमली. दुसरीच्या मध्यावर तिचा दम संपला आणि सवयीनं तिनं समोर पाहिलं. वेलिका तशीच गात पुढे निघून गेली.

"बंद कर ते."

"का गं? छान चाललं होतं."

"ती थांबत नाही माझ्यासाठी. तुझी आई माझ्या तोंडाकडे बघत गायची. मला धाप लागली की आपला सूर ताणून धरायची. मग गाणं झाल्यावर शिव्या, 'म्हशीसारखी फुसफुसतेस' म्हणून!"

रादोस्त हसता हसता रडली. "मी म्हणू का वरचं?"

ती गाऊ लागली. आवाज गोड होता, पण शेजारी कोणी आजारी झोपलंय असा दबका.

"मोठ्यानं गं! पलीकडच्या शेतात जाऊ दे ऐकू."

"पलीकडे आहे कोण, मावशी?"

स्टोइल्कानं पलीकडच्या कुलूपबंद घरांकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझाच सूर फोनमध्ये भरून घेऊन जा." डोळे मिटून ती अख्खं गाणं घुमली. वेलिका जिथे हेलकावा घ्यायची, तिथे स्टोइल्काची मान हलत होती. रादोस्तला मात्र एकच लांबलचक सूर ऐकू येत होता.

"संपलं?"

"संपलं की. शेवटचं कडवं किती सुरेख म्हणाली तुझी आई!"

रादोस्तनं तिला घट्ट धरलं. "चल माझ्याबरोबर सोफियाला."

"आणि शेळ्या तुझ्या पलंगाला बांधू?"

बस चुकेल म्हणून रादोस्त घाईनं उतार उतरली. ती वळणाआड गेल्यावर स्टोइल्कानं फाटकाला अडसर घातला. कोणी येणार नव्हतं, तरी घातला.