दोन बोटं सैल

उभं राहायची नोकरी असली की आधी टाचा थकतात, मग हसू.

कंबर मोजताना श्वास रोखून धरणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचं असतं: घ्या हो श्वास, टेप आहे, पोलीस नाही.

सासूबाई, जेवणाच्या टेबलावर, पाण्याचा जग पुढे सरकवता सरकवता: "धाकटीचा चेहरा कसा खुलून आलाय बघा."

निळा स्कर्ट. शिलाई मशीनच्या मागे, खुंटीवर. कोणाच्याच अंगावर नाही.

मागची शिवण पाव इंच आत घेतली तर बाहेरून काही कळत नाही.

शहात्तर.

*

आता हे तुकडे जोडायचे.

थोरली म्हणजे थोरली जाऊ. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. नवं काही शिवत नाही. लोकांचे कपडे आत घेते, सैल करते, चेन बदलते, लांबी कमी करते. शहात्तर हे तिचं वजन. धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहते आणि एका हॉटेलात रिसेप्शनला असते. तिथे बसायला खुर्ची नाही, कारण उभ्या माणसाचं स्वागत जास्त मनापासून वाटतं असं मालकाचं मत.

वजन कमी करायला दोघी एकाच वेळी लागल्या. कल्पना थोरलीची. आहाराच्या मॅडमचा पत्ता काढला थोरलीने, वेळ घेतली थोरलीने, "चल गं, मला एकटीला कंटाळा येईल" असं म्हणून धाकटीला ओढून नेलं तेही थोरलीनेच. हे पुढे सगळे विसरले. थोरली विसरली नाही.

मॅडमच्या खोलीत एक काटा, एक टेबल, आणि भिंतीवर काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, "आधी टार्गेट ठरवायचं. कुठे थांबायचं ते माहीत नसलं की माणूस एक तर निघत नाही, नाहीतर थांबत नाही."

"हिचं किती ठरवताय?" थोरलीने विचारलं.

"त्यांचं त्या ठरवतील. तुमचं बोला."

"हिच्यापेक्षा एक कमी."

मॅडमना वाटलं गंमत आहे. "अहो, तुम्ही त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच आहात. तुमची हाडंच एक किलो जास्त भरतील."

"मग हिच्याइतकं तरी."

"बघू," मॅडम म्हणाल्या, आणि थोरलीचा आकडा तसाच राहून गेला.

धाकटीला मात्र त्यांनी आकडा घेऊच दिला नाही. धाकटी काट्यावर सकाळी चढायची, आंघोळीनंतर चढायची, पाणी प्यायलं की चढायची. अशा माणसाला आकडा देणं म्हणजे काय ते मॅडमना माहीत असावं. त्या म्हणाल्या, "तुम्ही एखादा कपडा ठरवा. आत्ता घट्ट होणारा. तो नीट बसला की थांबायचं. काट्याकडे बघायचं नाही."

हॉटेलने नुकताच नवा गणवेश दिला होता आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांना एकाच मापाचा. निळा स्कर्ट धाकटीच्या कमरेला कसाबसा लागत होता. तोच ठरला. "पट्ट्यात दोन बोटं गेली की थांबायचं," मॅडम म्हणाल्या. धाकटीने आपली दोन बोटं तिथेच वर करून पाहिली, शाळेत पाणी प्यायला जाऊ का विचारतात तशी.

वरच्या मजल्यावर मोठा आरसा नव्हता. दुकानात होता. म्हणून स्कर्ट दुकानात राहिला, मशीनच्या मागच्या खुंटीवर; कामावर ती जुन्याच गणवेशात जायची. दर शनिवारी धाकटी कामावरून येऊन तो घालून बघायची.

सोय म्हणून झालं ते. कट कोणी केला नव्हता. अजून.

*

थोरलीचं वजन शहात्तरवर बसून राहिलं. पाहुणा बसतो तसं. उठतो उठतो म्हणतो आणि चपला शोधत नाही.

धाकटीचं उतरत गेलं. आधी गालांवरून, मग मनगटांवरून, मग ती जिना चढताना येणाऱ्या आवाजावरून. आधी ती वर जाताना थोरलीच्या छतातून कळायचं. आता कळायचं नाही.

थोरलीचा नवरा म्हणाला, "मी काही म्हणत नाही. पण जिद्द लागते."

"तुम्ही काही म्हणत नसाल तर म्हणू नका ना."

"मी धाकटीबद्दल बोललो."

"तेच तर."

हेव्याला जागा फार लागत नाही. थोरलीच्या हेव्याला ओठांच्या दोन कोपऱ्यांत पुरत होतं. धाकटीने पोळीला नको म्हटलं की थोरलीला वाटे, मला दाखवते. धाकटीने पोळी घेतली की वाटे, हिला चालतं, हिचं काय जातंय. गिऱ्हाइकं दुकानात यायची आणि धाकटी जिन्यात दिसली की मापं देता देता विचारायची, "तुमच्या घरात त्या बारीक कोण हो?" त्या बारीक. म्हणजे उरलेल्या कोण ते न विचारताच कळलं.

एका शुक्रवारी सासूबाई दुकानात येऊन बसल्या. बटणांच्या डब्यातून उगाच हात फिरवत म्हणाल्या, "उद्या तिची बोटं जातील बहुतेक. मी सगळ्यांना जेवायला थांबा म्हटलंय. कौतुक करायला पाहिजे गं, सोपं नाही."

"हो ना," थोरली म्हणाली.

सासूबाई गेल्यावर तिने खुंटीवरून स्कर्ट काढला, उलटा केला, मागची शिवण कमरेपासून वीतभर उसवली आणि पाव इंच आत घेऊन परत मारली. इस्त्री फिरवली. लांबी कमी करायच्या दोन पँटींच्या मधल्या वेळात झालं सगळं. एवढंच तिच्या मनात होतं: उद्या नको. कौतुक व्हायचं तर होऊ दे, पण उद्या नको.

शनिवारी धाकटीचं एकसुद्धा बोट गेलं नाही.

"असं कसं?" पडद्यामागून आवाज आला. "काट्यावर तर उतरलंय."

"तुला काट्याकडे बघायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"चुकून बघितलं."

"काट्याचं काय धरून बसतेस. अंगाचं खरं कपड्यालाच कळतं." हे वाक्य थोरली गिऱ्हाइकांना रोज ऐकवायची. तोंडात बसलेलं होतं, आपोआप आलं.

जेवायला सगळे थांबले होतेच. जेवले. कौतुक झालं नाही. थोरलीने त्या दिवशी सगळ्यांना दोनदा वाढलं आणि तिला स्वतःला खूप दिवसांनी हलकं वाटलं.

*

पुढच्या वेळी पुन्हा पाव इंच.

त्याच्या पुढच्या वेळी तिने ठरवलं होतं नाही करायचं. पण धाकटी एक बोट सहज घालून, दुसरं घालायचा प्रयत्न करत, आरशात स्वतःकडे बघून हसली. हसताना तिच्या गालाला खळी पडली. आधी पडत नव्हती. म्हणजे असणार, पण गालात बुजलेली असणार. थोरलीच्या गालात काय बुजलेलं आहे कोण जाणे.

पुन्हा पाव इंच.

आता स्कर्टच्या आतल्या बाजूला कापड जमत चाललं होतं. घट्ट केलेला भाग कापून टाकायचा नसतो, आत ठेवून द्यायचा असतो, हा धंद्यातला पहिला नियम. लोक पुन्हा जाड होतात. थोरलीने तो इथेही पाळला. तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं की सवयीने पाळला, का तिला वाटत होतं की धाकटीसुद्धा होईल.

*

मग एका शनिवारी चेन अडकली.

"ताई, जरा बघता का?"

थोरली पडद्याच्या आत गेली. धाकटी पाठमोरी उभी होती, ब्लाउजची टोकं वर धरून. थोरलीने आयुष्यात किती पाठी पाहिल्या असतील; कुबड आलेल्या, घामोळं आलेल्या, एक खांदा खाली असलेल्या. ही पाठ वेगळी होती. मणके मोजता आले असते. त्यांच्यावर बारीक लव उगवली होती, जशी अंगाला आतून थंडी वाजली की उगवते.

पहिल्यांदा वाटला तो हेवाच. हे लिहायलाच हवं. त्या हाडांचाही तिला हेवा वाटला.

मग धाकटी बोलायला लागली, तशीच पाठमोरी. "काटा बिघडलाय वाटतं मॅडमचा. मी नवा विकत आणला. तोही तेच दाखवतो, खूप कमी. पण स्कर्ट ऐकत नाही. पोट जातच नाही माझं. तुम्हीच म्हणता ना, कपडा खरं सांगतो."

"काय खातेस तू?"

"सकाळचं खाते." ब्लाउजची टोकं पुन्हा वर ओढून, "सकाळचं अर्धं. उद्यापासून तेपण बघते काहीतरी."

"हॉटेलात काही म्हणत नाहीत?"

"मॅनेजर म्हणाला बसा. खुर्ची आणून दिली." ती हसली. "बघा ना, मला खुर्ची मिळाली."

थोरलीने चेन सोडवली. तिची बोटं धाकटीच्या कमरेला लागली तशी धाकटी शहारली. "गार आहेत का माझे हात?" थोरलीने विचारलं.

"नाही. तुमचे गरम आहेत."

*

थोरलीने स्कर्ट सैल केला, कारण तिला दया आली.

उसवा.

थोरलीने स्कर्ट सैल केला, कारण तिला भीती वाटली. पोर चक्कर येऊन पडली तर डॉक्टर विचारतील, आणि कुठून तरी स्कर्टपर्यंत येतील.

हेही उसवा. थोडं राहू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने शटर अर्धं खाली ओढलं. खरं सांगून टाकायचा विचार तिने केला, नाही असं नाही. वाक्य जुळवूनही पाहिलं. 'अगं, मी ना' इथपर्यंत यायचं आणि पुढे धागा तुटायचा. न सांगता निभावायचा एकच रस्ता होता, आणि त्यात धाकटी जिंकत होती. तिची दोन बोटं जाणार, टाळ्या पडणार, सासूबाई डोळे पुसणार, नवरा जिद्दीवर बोलणार. आणि हे सगळं थोरलीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दोऱ्याने करायचं.

तिने ब्लेड घेतलं. एक एक शिवण उसवली. सगळ्यात जुनी, मूळची, कंपनीची, तिथे आली आणि जरा थांबली. मग तीही उसवली आणि आणखी थोडं सैल केलं, शंका नको म्हणून. दोरा कापताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कोणासाठी होतं ते तिला विचारू नये. बरंचसं स्वतःसाठी होतं.

*

पुढच्या शनिवारी दोन बोटं गेली. तीन गेली असती.

धाकटी पडद्याबाहेर आली ती नाचली नाही, ओरडली नाही. इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आता थांबायचं ना ताई?"

"थांब," थोरली म्हणाली. आणि मग, कारण धाकटी अजून तिच्याकडेच बघत होती, "थांब गं. पुरे झालं."

"आपण काहीतरी खायचं का?"

थोरलीने आतून ब्रेड आणला, लोणी आणलं. धाकटीने पहिला तुकडा बराच वेळ नुसता हातात धरला, मग खाल्ला. मग भराभर खाल्ले. खाता खाता दुसऱ्या हाताने ती कमरेच्या मागची शिवण चाचपत होती. स्कर्ट फिरवून तिने ती पुढे आणली.

"ही भोकं कसली?"

कापडावर सुईच्या भोकांच्या ओळी होत्या, एकीशेजारी एक, शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या. इस्त्रीने, पाण्याने, ओल्या फडक्याने. थोरलीने सगळं करून पाहिलं होतं, पण त्या बुजल्या नव्हत्या.

"कपडा जुना झाला की पडतात."

"हा नवा आहे."

"मग तुमच्या हॉटेलने स्वस्तातलं कापड घेतलं असेल."

धाकटीने आणखी एक घास घेतला. चावला. गिळला. ओळींवरून बोट एकदा वर नेलं, एकदा खाली आणलं.

"लोणी अजून आहे का?" तिने विचारलं.

होतं. थोरलीने दिलं.

जाताना धाकटीने स्कर्ट बदलला आणि घडी करून काखेत घेतला. "हा मी वर नेते आता."

"खुंटीवर राहू दे की. आरसा इथे आहे."

"आरसा आम्ही घेतोय," धाकटी म्हणाली आणि जिना चढून गेली.

*

जेवण झालं. सासूबाईंनी डोळे पुसले. थोरलीचा नवरा म्हणाला, "जिद्द." थोरलीने डाव खाली ठेवला आणि सगळ्यांबरोबर हसली. तिच्या शेजारी बसलेल्या धाकटीने त्या दिवशी प्रत्येक गोष्ट दोनदा घेतली आणि दर वेळी थोरलीनेच वाढावी म्हणून ताट तिच्यापुढे धरलं. डोळ्याला डोळा दिला नाही.

पुढच्या भेटीला थोरली मॅडमकडे एकटीच गेली.

"तुमचं टार्गेट अजून राहिलंय," मॅडम म्हणाल्या.

"ती आता किती आहे?"

"त्या आता माझ्याकडे येत नाहीत. दुसरीकडे जातात. बरं चाललंय असं कळवलंय."

"वाढलंय?"

"ते मी सांगणार नाही."

थोरली काट्यावर उभी राहिली. पंचाहत्तर आणि काही. समोर भिंत, तिच्यावर काही नाही. ज्याच्यातून एक वजा करायचं तो आकडा कोणी दिलेला नव्हता. तिने खूप वेळ लावला. मॅडमनी मध्ये एक फोनही घेतला.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

"का अडुसष्ट?"

"कोणाचंच नाही ते," थोरली म्हणाली. मग काट्यावरून उतरून चपला घालता घालता, "तिचं सत्तरच्या वर गेलं तर मात्र सांगा हां मला."

लग्न ठरल्यावर धाकटी पहिल्यांदा त्या घरी येऊन गेली, तेव्हा परतीच्या वाटेवर तिने आपल्या आईला विचारलं होतं की मोठ्या जावेसारखं दिसायचं असेल तर किती वजन कमी करावं लागेल.