गोणी बारीक झाली

त्या रविवारी दुपारी केळी भरायच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सारंगखेड्याच्या अलीकडचं तापीकाठचं गाव ते. माणसं किती जमली होती म्हणाल, तर डोकी मोजण्यापेक्षा वजनात सांगणं सोपं. आठशे क्विंटल तरी असतील. कारण आलेला एकही जण हलका नव्हता. शहाद्याहून, नंदुरबारहून, पार नवापूरहून पोटं आली होती आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे मालक.

शेडच्या मधोमध लोखंडी फळीचा आणि लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा. त्यामागे गादीवर भारहरणबाबा. उजवा हात कायम भगव्या गोमुखीत, म्हणजे जपमाळ फिरवायच्या त्या पिशवीत. बाबा स्वतः एवढे जाड की गादीची कड दिसत नव्हती. पहिल्याच दिवशी एका आगाऊ पोरीनं विचारलं होतं, "महाराज, तुमचं का उतरत नाही?"

"बेटी," बाबा मायेनं हसले होते, "तुमचा उतरलेला भार कुठे जाईल? तो मी अंगावर घेतो."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस दुसऱ्यासाठी काय काय सोसतो!

बाबांचं तत्त्वज्ञान साधं होतं. "वजन खाण्यानं वाढत नाही. पृथ्वी खाली ओढते म्हणून वाढतं. मी पृथ्वीला सांगतो, सोड याला! ती सोडते. तुम्ही खा, प्या, मजा करा." अट एवढीच की जितके किलो उतरतील तितकी तूरडाळ आश्रमाला द्यायची, आणि दुसऱ्या कुठल्याही काट्यावर पाय ठेवायचा नाही. ठेवला की भार परत येतो.

आणि शेडच्या दारावर सहा फुटी बॅनर होता. त्यावर हात जोडलेले, वय वर्षं त्रेपन्न, चुनीलालभाई. खाली अक्षरं: "चौदा किलो उतरले! एक घास न सोडता!"

हेच आपले चुनीलालभाई. त्यांची थोडी ओळख करून देतो. बायको वत्सलाबाई, केळी, कापूस, आणि पोट. पोट घरातल्या इतरांच्या आधी दारातून बाहेर पडायचं. वरण-बट्टीला बसले की सात बट्ट्या, प्रत्येक तुपात बुडवून. "सातच का?" असं कोणी विचारलं तर म्हणत, "आठवी वत्सला देत नही." शहाद्याच्या डॉक्टरांनी दिवाळीआधी सांगितलं होतं, साखर उंबरठ्यावर उभी आहे, दहा-बारा किलो उतरवा. चुनीलालभाईंनी दोन दिवस काकडी खाल्ली. तिसऱ्या दिवशी ते काकडीकडे अशा नजरेनं पाहायला लागले की वत्सलाबाईंनी तिच्यावर झाकण ठेवलं. नेमके त्याच आठवड्यात बाबा गावात आले.

पहिल्या रविवारी काट्यावर आकडा आला एकशे एक. बाबांनी डोळे मिटले, गोमुखीतली बोटं हलली, ओठ पुटपुटले. आकडा शंभर झाला. नव्व्याण्णव. सत्त्याण्णव. चुनीलालभाईंच्या पायांखालून पृथ्वी खरंच जरा सरकल्यासारखं झालं. पुढच्या प्रत्येक रविवारी शिष्य गुलाबसिंग आधीचा आकडा बाबांच्या कानात सांगे, आणि जप तिथून पुढे उतरू लागे. सहाव्या रविवारी सत्त्याऐंशी.

पँट मात्र होती तशीच घट्ट. उलट वरचं बटण तुटून वत्सलाबाईंच्या पोळपाटावर जाऊन पडलं. चुनीलालभाईंनी शिंप्याला झापलं, धोब्याला झापलं, कापड आटतं म्हणून कापडाला झापलं. शेवटी बाबांना विचारलं.

"आधी भार जातो," बाबा म्हणाले. "आकार मागून जातो. आकार आळशी असतो."

चुनीलालभाईंना ते पटलं. स्वतःच्या आकाराचा आळशीपणा त्यांना जवळून माहीत होता.

सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात, ते मोठ्या दिमाखात एका पांढऱ्या घोडीवर चढायला गेले. घोडेवाल्यानं लगाम मागे घेतला. "शेठ, घोडी इकनी शे, मोडनी नही." त्या माणसालाही चुनीलालभाईंनी माफ केलं. बिचाऱ्याला काट्याचा आकडा कुठे माहीत होता?

खरी गंमत तर पुढेच आहे. काट्याच्या बाबतीत चुनीलालभाईंसारखा वहिमी माणूस जिल्ह्यात नव्हता. कापूस मोजायला व्यापारी दारात आला की ते आधी धडा करायला लावत. म्हणजे माहीत असलेलं वजन, वीस किलोचं माप नाहीतर खताची बंद गोणी, काट्यावर ठेवायची आणि काटा खरा बोलतो का ते पाहायचं. सहा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याचा काटा धड्याला बरोबर दाखवी आणि कापसाला क्विंटलमागे चार किलो खाई. तेव्हा चुनीलालभाईंनीच ओळखलं होतं की गड्याचा हात खिशातून बाहेर येत नाही. खिशात निघाला रिमोट. तेव्हापासून गावात कापूस मोजताना आरोळी पडते ती एकच: "हात बाहेर काढ!"

गावच्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या प्रिस्किला मॅडम नवापूरकडच्या. त्यांनी हसत विचारलं होतं, "काका, बाबांच्या काट्याचा धडा केला का?"

"मॅडम, देवाच्या काट्याचा धडा करतात का?" चुनीलालभाई दुखावून म्हणाले होते.

कारण उघड होतं. व्यापाऱ्याचा काटा कमी दाखवतो तेव्हा माणसाचं नुकसान होतं, म्हणून तो भांडतो. बाबांचा काटा कमी दाखवत होता तेव्हा चुनीलालभाईंचा फायदा होता. फायद्याच्या काट्याला कोण हात लावतो?

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण चुनीलालभाईंची थोरली बहीण कमलबाई, घरातल्यांची जिजी, विधवा, साठीची, साखरेची जुनी रोगी, तिनंही काट्यावर पाय ठेवला. बाबांनी नऊ किलो उतरवले आणि म्हणाले, "माता, गोळी हाही पोटावर भारच. सोडून द्या." कमलबाईंनी गोळ्या सोडल्या. पंधरा दिवसांनी पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. जखम आठ दिवस झाले तरी सुकेना, आता काळसर दिसायला लागली होती.

वत्सलाबाईंनी समजावलं, मॅडमनी समजावलं. कमलबाईंचं उत्तर एकच. "मन्हा भाऊ तीस वरीस कापूस मोजी ऱ्हायना. त्याले काटा समजत नही का? तो सांगस ना उतरनं म्हनी!"

वत्सलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "जिजीना अंगठा जाई. तुम्ही सांगा तिले."

"सांगतो ना. पुढच्या रविवारी बाबांनाच विचारतो," चुनीलालभाई म्हणाले. आणि नजर चुकवून शेव खायला लागले. बॅनर सहा फुटी होता. त्यावरून उतरणं चौदा किलो उतरण्यापेक्षा अवघड.

तर तो रविवार.

गर्दीतून वाट काढत वत्सलाबाई आल्या. मागे वाहरू, त्यांच्या शेतातला सालदार, आणि त्याचा भाऊ. दोघांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलून धरली होती. खुर्चीत नऊवारी लुगड्यात गुंडाळलेली, गळ्यापर्यंत पदर ओढलेली एक म्हातारी.

"मन्ही मोठी मावशी," वत्सलाबाई म्हणाल्या. "पायांनी अधू शे. लाज काढस, बोलत नही."

जुन्या बायका परपुरुषासमोर तोंड झाकतात, त्याला आमच्याकडे लाज काढणं म्हणतात. कुणालाच नवल वाटलं नाही. चुनीलालभाईंना बायकोची ही मावशी आठवेना, पण जावई म्हणून त्यांनी वाकून पायाच्या जागी हात लावला, तो कपाळाला लावला, आणि खुर्ची चढवायला स्वतः हातभार दिला.

"बाप रे! मावशी चांगल्या खात्यापित्या घरच्या," ते धापा टाकत म्हणाले.

खुर्चीसकट आकडा आला साडेबावन्न. बाबांनी डोळे मिटले. गोमुखीत बोटं हलली. "माता, रात्री भात खाता. खरं ना?"

मावशी गप्प.

"मौन! केवढी साधना! पोटात वायू धरतो. तोच भार. हे पृथ्वी, सोड मातेला!"

एक्कावन्न. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. सेहेचाळीस.

प्रिस्किला मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी मावशीचा पदर उचलला. डोक्याच्या जागी कापसाचं गाठोडं होतं. लुगडं सुटलं, आणि खाली दिसली हिरव्या अक्षरांची गोणी: डीएपी, निव्वळ वजन पन्नास किलो.

"वायू नाही महाराज," मॅडम म्हणाल्या, "नत्र आहे. आणि स्फुरद."

चुनीलालभाईंनी कपाळाला लावलेला हात हळूच पँटला पुसला. खताच्या गोणीच्या पाया पडलेला जावई तालुक्यात दुसरा नव्हता.

पण गुलाबसिंग शिष्य उगाच नव्हता. त्यानं दोन्ही हात वर केले. "देखा! देखा! बाबांनी गोणीचंही वजन उतरवलं! निर्जीवालाही गुण उना!"

"जय!" लोक ओरडले. चौघींनी गोणीला हळदीकुंकू वाहिलं. पुढच्या रांगेत कमलबाईंनी चिंधी गुंडाळलेला पाय सावरत हात जोडले आणि भावाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भावाचा केवढा अभिमान!

चुनीलालभाईंनी नजर चुकवली, ती गोणीवर पडली. आणि तिथेच अडकली. तीस वर्षांची सवय. गोणीच्या तोंडाची शिलाई शाबूत होती. कुठे भोक नाही, खाली एक दाणा सांडलेला नाही. मग साडेसहा किलो खत गेलं कुठे? माणसानं मनातल्या मनात काहीही मानावं. गोणीला मन नाही. ती उपास करत नाही, तिची श्रद्धा नाही, ती बॅनरवर नाही.

त्यांनी एकदा बॅनरकडे पाहिलं, एकदा बहिणीच्या चिंधीकडे. मग पोटातून, जिथे भरपूर जागा होती तिथून, आरोळी निघाली:

"हात बाहेर काढ!"

या आरोळीनं आमच्या गावचा माणूस झोपेतूनही उठतो. क्षणात सगळ्या शेडची नजर बाबांच्या चेहऱ्यावरून हातावर गेली. बाबांनी गोमुखी छातीशी धरली. "जपात विघ्न आणू नका! रौरव नरक!"

"हात बाहेर काढ!" आता अख्खी शेड ओरडली.

वाहरूनं पिशवी खेचली. माळ नव्हतीच तिच्यात. गाडीच्या लॉकला असतो तसा दोन बटणांचा रिमोट बदकन गादीवर पडला. मॅडमनी तो उचलून बटण दाबलं. गोणी चव्वेचाळीस झाली. आणखी दाबलं. एकेचाळीस. "काट्याच्या आत एक छोटी चकती बसवलेली असते," त्या म्हणाल्या. "इथून इशारा गेला की आकडा बदलतो. वजन नाही बदलत. फक्त आकडा."

बाबा मागच्या दारानं निघाले, पण दार अरुंद होतं आणि भक्तांचा भार अंगावर होता. वाहरूनं त्यांना तिथेच बसवून ठेवलं, पोलीस येईपर्यंत.

कमलबाई अजून हलल्या नव्हत्या. "चुन्या," त्या हळू म्हणाल्या, "तू सांगं होतं, उतरनं."

चुनीलालभाई म्हणाले, "जिजी, माले कमी आकडा पाहिजे होता. मी आकडा देखा, काटा देखा नही. पँट रोज सांगे, घोडीवाला सांगे. मी कोन्हं ऐकं नही." मग मॅडमनी काटा बंद करून चालू केला, गोणीनं धडा करून दाखवला: खुर्ची-लुगड्यासकट साडेबावन्न, जिथल्या तिथे. आणि चुनीलालभाई सगळ्या गावासमोर काट्यावर चढले. दोन्ही हात वर.

एकशे चार.

"तीन तर वाढनात!" कुणीतरी ओरडलं.

"ते बाबांचे असतील, मागे विसरले," चुनीलालभाई म्हणाले. गाव हसलं, तेही हसले, आणि हसताना पँटचं दुसरं बटण गेलं. मग त्यांनी बहिणीला हाताला धरून गाडीत बसवलं आणि थेट शहाद्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर अंगठा काढावा लागला असता. गोळ्या त्या दिवशीच पुन्हा सुरू झाल्या.

चुनीलालभाईंना डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "दिवसभरात उभ्यानं किती खाता?" त्यांनी आठवून पाहिलं. खळ्यावर गोड चहा, ओट्यावर शेव, ज्या घरी जावं तिथे चहा आणि पुन्हा शेव, स्वयंपाकघरातून जाता-येता एक एक भजं. ताटापेक्षा उभ्याचं जेवणच मोठं निघालं. ठरलं ते एवढंच: खायचं ते बसून, आपल्या ताटात वाढून घेऊन. आधी डाळ, भाजी, कोशिंबीर, मग कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, एक भाकरी. बट्ट्या दोन, तूप वरून, बुडवून नाही. रात्रीचं जेवण दिवेलागणीला. जेवणानंतर तापीच्या काठानं चालणं. पहिले पंधरा दिवस त्यांचा चेहरा सुतक असल्यासारखा होता. दोन महिन्यांत तीन किलो गेले, मग महिनाभर काहीच गेलं नाही, मग होळीला पुरणाच्या मांड्यांनी दीड परत आणलं, मग पुन्हा हळूहळू. वर्षात अकरा. यात चमत्कार काही नाही, म्हणून बॅनरही नाही. पण पँट ढिली झाली, आणि पँटमध्ये रिमोट बसवता येत नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच मागणं. कोणी वजन उतरवून देतो, साखर पळवतो, गुडघे नवे करतो असं म्हणाला तर त्याच्या पाया पडण्याआधी धडा करा. ज्याचं वजन आपल्याला पक्कं माहीत आहे ते आधी त्याच्या काट्यावर ठेवा. आणि आकडा आपल्या मनासारखा आला तर दुप्पट वहीम घ्या. चालू गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.

हल्ली दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चुनीलालभाई कापसाच्या काट्यावर चढतात. शेजारी खुर्चीत कमलबाई बसलेल्या असतात, पायांची दहाही बोटं शाबूत. काट्यावर पाय पडला की त्याच ओरडतात, "चुन्या, हात बाहेर काढ!"

परवा चुनीलालभाईंनी खिशातून हात काढले. उजव्या मुठीत काही नव्हतं. डाव्या मुठीत शेव होती.

"वजन करून मग खाणार होतो," चुनीलालभाई म्हणाले. "बसून."